टिनाचं शेड: मे महिन्यात भट्टी, नोव्हेंबरात ठिबक

नागपुरात प्लॉटवरचं घर असेल तर मागे टिनाचं शेड असतंच. बेसा असो, मनीषनगर असो की जुनं धरमपेठ, लोखंडी अँगल ठोकून वर चार टिनं टाकलेली असतात. जुलैपासून मार्चपर्यंत त्यात कूलर मुक्कामाला, आणि बारा महिने फवारणी पंप, घमेली, पावडं, युरियाची अर्धी गोणी, पोरांच्या जुन्या सायकली आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेलं बाकी सगळं.

या शेडच्या तक्रारी दोन. मे महिन्यात आत पाय ठेववत नाही, ही पहिली. दुसरी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते: पाऊस नाही, टिनाला भोक नाही, तरी पहाटे वरून थेंब पडतात. पावडं गंजतं, युरियाचा दगड होतो, गोणपाटाला बुरशीचा वास येतो. घरमालक फॅब्रिकेटरला बोलावतो, तो वर चढून प्रत्येक स्क्रूभोवती लांबी भरतो, पैसे घेतो, आणि आठ दिवसांनी थेंब पुन्हा हजर. कारण ते पाणी बाहेरून येतच नव्हतं.

दोन्ही तक्रारी एकाच पत्र्याच्या असल्या तरी इलाज मात्र एक नाही. मे महिन्यासाठी केलेली एखादी गोष्ट डिसेंबरात ठिबक वाढवूही शकते. नागपूरचा पत्रा हा तसा छळलेला प्राणी. मे २०१३मध्ये इथे ४७.९ अंश नोंदले गेले आणि डिसेंबर २०१८मध्ये ३.५. दोन्ही टोकं त्याच अर्ध्या मिलिमीटरने सोसायची.

पत्र्याला घाम कसा सुटतो

हवेत वाफेच्या रूपात पाणी असतं आणि ते किती मावेल हे तापमानावर ठरतं. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम पाणी मावतं, २० अंशांना सतराएक ग्रॅम आणि १० अंशांना साडेनऊच्या आसपास. हवा गार होत गेली की एका तापमानाला ती काठोकाठ भरते. त्याला दवबिंदू म्हणतात. त्याहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूला ती हवा लागली की जादा पाणी तिथेच सुटतं. फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ते याच कारणाने.

नोव्हेंबरातली एक रात्र धरा. शेडमधली हवा १८ अंशांवर आहे आणि आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू साडेपंधरा अंशांच्या जवळपास येतो. हवाच १८ अंशांची असेल तर छप्पर पंधराच्या खाली कसं जाईल, असं वाटणं साहजिक आहे. पण जातं. निरभ्र रात्री छपराच्या डोक्यावर उघडं आकाश असतं आणि पत्रा आपली उष्णता किरणांच्या रूपाने त्या आकाशाकडे टाकत राहतो. स्लॅबही तेच करतो, पण स्लॅबच्या चार-पाच इंच काँक्रीटमध्ये दिवसभराची ऊब साठलेली असते. पत्र्याचं वजन चौरस मीटरला जेमतेम चार किलो. त्याच्यापाशी शिल्लक काही नसते, म्हणून बघता बघता तो भोवतालच्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी खाली उतरतो. तेरा-चौदा अंशांवरचा पत्रा, साडेपंधराचा दवबिंदू, झालं काम.

जुलैत हवा कितीतरी जास्त दमट असूनही छप्पर कमी का ठिबकतं, याचं उत्तरही इथेच आहे. पावसाळ्यात आकाशावर ढगांचं पांघरूण असतं, त्यामुळे पत्रा फारसा गार पडत नाही. खरा हंगाम पाऊस संपल्यावरचा: आभाळ मोकळं, जमीन अजून ओली, रात्री गार.

पण एवढं पाणी येतं कुठून?

आता थोडा हिशेब करू. दहा बाय बाराचं, आठ फूट उंचीचं शेड म्हणजे सुमारे २७ घनमीटर हवा. वरच्या उदाहरणात प्रत्येक घनमीटरमध्ये तेराएक ग्रॅम पाणी आहे आणि तेरा अंशांच्या पत्र्याजवळ त्यातलं अकराच्या थोडं वर मावतं. म्हणजे सगळी हवा पत्र्याला घासून गेली तरी सुटणार पन्नास ग्रॅमच्या आत. एवढ्याने शंभरावर चौरस फुटांचं छप्पर ओलसर होईल फक्त, गोणपाट भिजणार नाही. तरी ते भिजतं, कारण हवेतलं पाणी जितकं सुटतं तितकं कुणीतरी भरून देत असतं.

हे ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा पायाखाली सापडतं. नागपुरात अनेक भागांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि पुढे कित्येक आठवडे ते धरून ठेवते. शेडची जमीन नुसती मुरुमाची, किंवा मुरुमावर दोन इंच कोबा असेल तर ही ओल रात्रंदिवस वर येत राहते. कोबा दिसायला कोरडा असतो, कारण ओल वर आली की लगेच हवेत जाते.

खात्री करून घ्यायची सोपी युक्ती आहे. बिछान्याच्या चादरीच्या चौथ्या हिश्शाएवढा जाड प्लॅस्टिकचा तुकडा शेडच्या जमिनीवर पसरायचा, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करायच्या आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी उचलून पाहा. खालच्या बाजूला पाण्याचे कण दिसले किंवा कोबा तेवढ्या चौकोनात काळपट पडला असेल, तर ओल जमिनीतून येते आहे. प्लॅस्टिक खालून कोरडं आणि वरून दमट असेल तर जमीन निर्दोष, दोष हवेचा. छपरावर हजारो रुपये घालण्याआधी हे फुकटचं काम करून घ्यावं. मला तर वाटतं, फॅब्रिकेटरला फोन लावण्याआधीच करावं.

जमीन दोषी ठरली तर नवीन शेडला उपाय सोपा: मुरूम दाबून झाला की त्यावर १००० गेजचं, म्हणजे पाव मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक, सांध्यावर वीतभर एकावर एक चढवून, आणि वर काँक्रीट. जुन्या शेडमध्ये हेच प्लॅस्टिक कोब्यावर अंथरून भिंतीशी थोडं वर वळवायचं आणि वर शहाबादी फरश्या टाकायच्या. आणि वळचण बघा. छपराचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडत असेल तर पन्हळ लावून ते दूर काढायला हवं, नाहीतर वरून प्लॅस्टिक घालून खालून पाणी पाजल्यासारखं होतं.

बाकीचे पुरवठादार छोटे, पण विसरले जाणारे. पावसाळा लागला की कूलर आत जातो तो टाकीत तळाला पाणी आणि ताट्या ओल्या असतानाच. ताट्या काढून उन्हात कडकडीत वाळवाव्यात किंवा फेकाव्यात, नाहीतरी पुढच्या वर्षी नव्याच लावायच्या असतात. शेडमध्ये रखवालदार झोपत असेल तर त्याच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात पाव लिटरच्या वर पाणी हवेत जातं. आणि सर्वांत मोठा गुन्हेगार गॅसची शेगडी. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. टिनाच्या खोलीत डबे करणाऱ्या ताईंच्या छपरातून हिवाळ्यात पाणी गळतं त्याचं कोडं इथे सुटतं. तिथे आधी चुलीवर धुराडं किंवा एक्झॉस्ट पंखा हवा, पत्र्याचा विचार नंतर.

किती जाडीचा थर?

इन्सुलेशन म्हणजे पत्रा आणि खोली यांच्यामध्ये उष्णता सहज जाऊ न देणारा थर घालणं. दुकानदार ‘जितका जाड तितका चांगला’ म्हणेल. ते अर्धं खरं आहे.

नोव्हेंबरची रात्र परत घ्या. पत्रा १३ अंश, हवा १८. पत्र्याच्या पोटाला फक्त १० मिलिमीटरचा फोम चिकटवला तर खोलीतल्या हवेला पत्रा दिसतच नाही, दिसतो फोमचा खालचा भाग, आणि तो साधारण सोळा-साडेसोळा अंशांवर राहतो. दवबिंदू साडेपंधरा. थेंब बंद. ठिबक थांबवायला बोटभरही जाडी लागत नाही.

आता मे महिन्याची दुपार. पत्रा ६५ अंशांच्या घरात, खाली हवा ४२. नागडा पत्रा असेल तर तुमच्या डोक्यावर ६५ अंशांचा तवा आहे. तोच १० मिलिमीटरचा फोम लावला तर डोक्यावरचा पृष्ठभाग उतरतो साधारण पन्नासपर्यंत. फरक आहे, पण आत बसून काम करण्याजोगा नाही. त्याच जागी ५० मिलिमीटरचं थर्माकोल घातलं तर तो येतो ४५च्या आसपास, म्हणजे हवेपेक्षा दोन-तीन अंशच जास्त. त्याच्या पुढे जाडी वाढवून हाती फार काही लागत नाही, कारण बाहेरची हवाच ४५ अंशांची असेल तर कुठलंही इन्सुलेशन तिला तीस करून देणार नाही. ते काम कूलरचं.

म्हणून आधी ठरवा की शेडमध्ये सामान राहणार आहे की माणूस. सामानासाठी १० मिलिमीटर पुष्कळ. माणूस दुपारी बसणार असेल तर ५० मिलिमीटर, किंवा तेवढंच काम करणारा तीसएक मिलिमीटरचा पफ, म्हणजे पॉलियुरेथेनचा कडक फोम.

फॉइल, थर्माकोल आणि इतर मंडळी

इतवारीच्या लोहाओळीत टिन घ्यायला गेलात की कुणीतरी सांगतंच, “भाऊ, खालून फॉइल मारून देतो, बरफासारखं थंड.” ही चकचकीत बुडबुड्यांची शीट वाईट वस्तू नाही. पण तिचं गणित समजून घ्यायला हवं. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम तापलेल्या पत्र्याकडून येणारी किरणांची उष्णता बहुतेक परतवतं आणि स्वतःही खाली फार कमी टाकतं, मात्र त्यासाठी चकचकीत बाजूपुढे मोकळी हवा हवी. निदान इंचभर. फॉइल पत्र्याला टेकवून मारलं तर वरची चमक वाया, कारण टेकलेल्या जागी उष्णता सरळ आरपार जाते. दोन्ही बाजू चमकदार असलेली शीट अँगलच्या खालून ताणून मारली की वर आपोआप फट राहते. एकच बाजू चमकदार असेल तर ती खाली ठेवा. वर तोंड केलेल्या फॉइलवर आपल्याकडची धूळ बसते आणि दोन उन्हाळ्यांत त्याची चमक जाते.

फट सोडली की मात्र दुसरं दुखणं येतं. खोलीतली दमट हवा कडेने त्या फटीत शिरली तर पत्र्याला पूर्वीसारखाच घाम सुटतो, आता तुम्हाला दिसणार नाही एवढंच. पाणी फॉइलवर साचतं, अँगल आतून गंजतो आणि एके दिवशी फॉइलला पोट सुटलेलं दिसतं. त्यामुळे सगळे सांधे आणि भिंतीकडच्या कडा अ‍ॅल्युमिनियमच्या टेपने बंद करणं हे या कामातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत गरजेचं काम. कारागीर ते टाळतो. उभं राहून करून घ्यावं.

ठिबकीसाठी मला सगळ्यांत सरळ वाटतो तो मागे चिकट थर असलेला, बंद पेशींचा फोम. हा पाणी पीत नाही, पत्र्याला अंगासरशी बसतो, मागे हवा शिरायला जागाच ठेवत नाही. पत्र्याची बाजू आधी पुसून, तेल-धूळ काढून घ्यावी लागते, आणि चिकटवायचं काम हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी करावं. घाम आलेल्या पत्र्यावर लावलेला फोम मार्चमध्ये खाली लोंबतो.

थर्माकोल स्वस्त आणि कामाचं, पण आग लागली की भराभर वितळतं, पेटतं आणि काळा धूर सोडतं. पफही जळतो. शेडमध्ये वेल्डिंग होणार असेल तर अँगल, कडी, कोयंडा, सगळं आधी वेल्ड करून घ्यायचं आणि मग थर लावायचा. उरलेलं वेल्डिंग ‘एकच टाका आहे’ म्हणून नंतर करू देऊ नका. उंदीर थर्माकोल कुरतडून घरटं करतात, तेव्हा खालून पातळ पत्रा किंवा सिमेंट शीट हवीच. ग्लासवूल जळत नाही, पण त्याचे तंतू अंगाला खाजतात आणि एकदा भिजलं की ते ओल्या गादीपलीकडे काही राहत नाही. पिशवीबंद असेल आणि सांधे नीट असतील तरच घ्यावं.

गोणपाट, पऱ्हाट्या, तुराट्या वर टाकायची पद्धत गावाकडे गोठ्यांवर दिसते. उन्हाळ्यात उत्तम. पावसात भिजून कुजतात आणि पत्रा सडवतात, म्हणून मृगाच्या आधी काढाव्यात.

एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही: लोखंडी अँगल. दोन अँगलच्या मधल्या पत्र्याला फोम लावला आणि अँगल उघडाच ठेवला तर तो पत्र्याला स्क्रूने जोडलेला असल्यामुळे तोही गार पडतो आणि नेमकी त्याच्या रेषेत थेंबांची ओळ लागते. फोमची एक पट्टी अँगलवरूनही वळवून घ्या.

बाहेरून काय करता येतं

पांढरा रंग किंवा चुना मारणं हा मे महिन्यासाठी पैशाच्या मानाने सगळ्यांत मोठा फायदा देणारा उपाय आहे. ऊन परतवल्यामुळे पत्रा कितीतरी कमी तापतो. पण गंमत अशी की नवाकोरा चकचकीत जस्ताचा पत्रा रात्री आकाशाकडे उष्णता कमी टाकतो आणि रंगवलेला पत्रा जास्त. मग उन्हाळ्यात रंग दिला आणि त्याच हिवाळ्यात ठिबक वाढली, असं होऊ शकतं. रंगाऱ्याचा त्यात दोष नाही. रंग वरून द्यायचा तर खालून फोम लावायचा, असा जोडीने विचार करावा.

त्याहून मला आवडतो तो हिरव्या नेटचा उपाय. एप्रिलमध्ये अर्ध्या नागपूरच्या गच्च्यांवर ती चढते आणि जूनमध्ये उतरते. शेडच्या छपरापासून फूटभर उंच ताणलेली नेट दिवसा ऊन अडवते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री तीच नेट पत्रा आणि आकाश यांच्या मध्ये येते आणि पत्र्याला तितकं गार पडू देत नाही. वादळी पावसाच्या आधी काढलीत तरी ऑक्टोबरात पुन्हा ताणा. दोडक्याचा किंवा वालाचा वेल मांडवावर चढवला तर हेच काम तो करतो, आणि भाजीही होते. मांडव मात्र पत्र्यापासून वेगळा उभारा, पानांचा ओला थर पत्र्यावर बसता कामा नये.

खिडक्या उघड्या ठेवल्या की भागेल का?

‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला सगळेच देतात. तो बरोबर आहे, पण त्याला वेळापत्रक लागतं. रात्री अंगणात उघड्यावर लावलेल्या गाडीच्या टपावर दव पडतंच, तिथे तर सगळी हवाच खेळती. म्हणजे नोव्हेंबरातल्या ओल्या, निरभ्र रात्री नुसत्या झरोक्यांनी ठिबक थांबणार नाही. झरोके जमिनीतून आलेली जादा वाफ बाहेर काढतात, इतकंच.

दुपार मात्र आपल्या बाजूने असते. नागपूरच्या हिवाळ्यातली दुपार चांगलीच कोरडी. सकाळी अकरा ते चार शेडचं दार सताड उघडं ठेवलं तर सामानातली ओल निघून जाते, आणि ऊन उतरलं की बंद करायचं. जुलै-ऑगस्टमध्ये उलट: बाहेरचीच हवा दमट, त्यामुळे दार उघडून काही वाळत नाही. त्या दिवसांत युरिया हवाबंद डब्यात ठेवा, कारण आर्द्रता ७०-७५ टक्क्यांच्या वर गेली की तो हवेतलं पाणी ओढायला लागतो. पावड्या-कुदळींना तेलाचा हात मारून ठेवा, आणि गोण्या पालथ्या क्रेटवर, भिंतीपासून वीतभर लांब.

झरोके काढायचे तर एक खाली आणि एक समोरच्या भिंतीत आढ्याजवळ, म्हणजे गरम हवा वरून निघते आणि खालून नवी येते. दोन्हींना बारीक जाळी हवी, उंदरांसाठी आणि सापांसाठीही. हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांवर फिरणारे घुमट दिसतात ते याच कामाचे, पण दहा बाय बाराच्या शेडला त्यांचा थाट परवडत नाही.

शेडची खोली करून एसी लावणार असाल तर

हल्ली मागच्या शेडची अभ्यासिका किंवा छोटं ऑफिस करायची टूम आहे. तिथे वरचा हिशेब उलटा होतो. ऑगस्टमध्ये बाहेरच्या हवेचा दवबिंदू चोवीस-पंचवीस अंशांपर्यंत जातो आणि आत तुम्ही एसी बावीसवर लावता. आता गार बाजू आतली, ओली बाजू बाहेरची. बाहेरची दमट हवा पत्र्यांच्या सांध्यांतून आत शिरते आणि पीओपी किंवा प्लायच्या पाठीवर पाणी सोडते. काळे डाग आधी कोपऱ्यांत येतात, मग वाळवी येते. परदेशी व्हिडिओंमध्ये वाफ अडवणारं प्लॅस्टिक खोलीच्या बाजूने लावायला सांगतात. ते थंड देशांत, घर आतून तापवणाऱ्यांसाठी ठीक आहे. आपल्या एसीच्या खोलीत वाफ बाहेरच्या बाजूलाच अडवायला हवी. पत्रा स्वतः वाफेला पक्का अडसर असतोच, गळती असते ती सांध्यांत, स्क्रूच्या भोकांत आणि पत्र्याच्या लाटा भिंतीवर टेकतात तिथल्या फटींत. त्या लाटांच्या आकाराच्या फोमच्या पट्ट्या मिळतात, त्या बसवून वर सिलिकॉन भरायचं, मग पत्र्याला चिकटलेला फोम किंवा पफ, आणि सगळ्यात आत प्लायऐवजी सिमेंट शीट. या कामाला पावसाळ्याआधीचा मे महिना बरा, कारण तेव्हा शेडमध्ये कोंडून ठेवायला ओल नसते.